सरांच्या पहिल्या टीममधली

परवा कॉलेजच्या मैदानावर एक मुलगी गोलपुढे उभी राहून हातमोजे दातांनी घट्ट ओढत होती. आमच्या फुटबॉलच्या सरांच्या स्मरणार्थ मुलींचा सामना होता. सर याच कॉलेजकडून खेळले, इथेच प्रशिक्षक झाले आणि मुलींची पहिली टीम त्यांनीच उभी केली. त्या टीमची गोलकीपर मी.

पहिल्या सामन्याआधीच वडिलांनी माझं खेळणं बंद केलं. सर समजवायला घरी आले. वडिलांसमोरच त्यांनी मला विचारलं, "तुला खेळायचंय ना?"

मी खाली बघत "नाही" म्हटलं.

"बरं बाळ, अभ्यास कर," म्हणून सर उठले. 'हो' म्हटलं असतं, तर वडील फार तर चार दिवस माझ्याशी बोलले नसते. एवढ्याशा भीतीपायी आपण एखाद्या भल्या माणसाला दारातून परत पाठवतो. पुढे सर रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचे.

मध्यंतरात सरांच्या पत्नीने मला ओळखलं. माझा हात धरून त्या माइकवर म्हणाल्या, "ही ह्यांच्या पहिल्या टीमची गोलकीपर!"

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी एकही सामना खेळले नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. मग हसले, आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला.