उरलेले पाच सामने

शशीचा फोन आला, पण बोलत होता कुणी दुसराच. मार्चमधला गुरुवार, दुपारचे अडीच वाजले असतील. कुवेतमध्ये शर्क भागातल्या आमच्या ऑफिसच्या काचांपलीकडे धुळीनं समुद्र गिळून टाकला होता. मी नेहमीच्या थाटात म्हणालो, "काय रे, शिफ्ट सोडून फुटबॉल का?" पलीकडून प्लँटवरचा त्याचा सुपरवायझर हिंदीत म्हणाला, "सर, इनके फोन में लास्ट कॉल आपका था." उंच टॉवरवरचं गेज बघायला शशी चढला होता. वरच कोसळला आणि तिथंच गेला. लोकांनी धक्का बसला का, असं नंतर मला विचारलं. धक्का ज्याला काही माहीत नसतं त्याला बसतो. मी तीन आठवडे या फोनला घाबरून होतो, आणि तीन आठवडे गप्प होतो.

शशिकांत भावसार मूळचा नाशिकचा, पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. मुलीच्या शिक्षणासाठी रेखावहिनी नाशिकला राहत आणि हा सालमियात आमच्या समोरच्या इमारतीत, एका खोलीत. क्रिकेटशी त्याचं वाकडं. ज्या खेळात चहाला सुट्टी मिळते तो खेळ नव्हे, ऑफिस आहे, असं तो माझ्यासारख्या क्रिकेटवेड्याला तोंडावर सांगायचा. त्याचं फुटबॉलही आजचं नव्हे. प्लँटवरचा एक इंग्रज इंजिनियर निवृत्त होऊन परत जाताना त्याला एक जाडजूड फाइल देऊन गेला होता. इंग्लंडमध्ये शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पैसे घेऊन खेळणाऱ्यांची लीग नुकतीच सुरू झाली, त्या काळातला एक अख्खा सीझन तिच्यात होता. त्या इंग्रजाच्या गिरणीगावच्या संघाचा, दर सामन्याचं जुन्या वर्तमानपत्रातलं वृत्त झेरॉक्स करून ओळीनं लावलेलं. शशीनं नियम केला. ज्या शनिवारचा सामना, तो त्याच शनिवारी वाचायचा, दुपारी चहाबरोबर, आणि पुढचं पान उलटायचं नाही. सप्टेंबरात आम्ही सुरुवात केली तेव्हा मी त्याची थट्टा करत होतो. नोव्हेंबरात मी स्वतःच शनिवारची वाट बघायला लागलो होतो, आणि बायको म्हणाली, एक होता वेडा, आता दोन झाले.

संघ हरत होता. शेवटच्या चारांत राहिलेल्या संघांना लीगमध्ये टिकण्यासाठी बाकीच्या क्लबांकडे पुन्हा मतं मागावी लागत, आणि आमचा संघ दर आठवड्याला त्या चारांकडे सरकत होता. चिखल, धुकं, अर्ध्यावर अंधारलेला खेळ... वाचताना सालमियातल्या त्या उबदार खोलीतही उदास वाटायचं. खेळाडू आठवडाभर गिरणीत राबायचे आणि शनिवारी मैदानात उतरायचे. बदली खेळाडू ही भानगडच नव्हती. लागलं तर लागलेल्या पायानं खेळायचं, आणि बाहेर बसलं तर त्या आठवड्याची मजुरी गेली. फेब्रुवारीत मधल्या फळीतल्या उजवीकडच्या हाफबॅकला पोटात जबर लाथ बसली. तो खेळत राहिला. पुढच्या शनिवारी वृत्तात होतं की तो सावकाश धावत होता. शशीनं ते दोनदा वाचलं आणि छातीवरून हात फिरवला. मी विचारलं तर म्हणाला, "ॲसिडिटी रे. मेसचं तेल."

ती ॲसिडिटी नव्हती. त्याच आठवड्यात मी त्याला जबरदस्तीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी ईसीजी बघून मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी लिहून दिली आणि उशीर करू नका, असं स्पष्ट सांगितलं. परतताना गाडीत शशीनं चिठ्ठीची घडी घातली.

"मेमध्ये जातोच आहे ना मी. लीव्ह सँक्शन झालीय. नाशकात करून टाकू सगळं. इथं ॲडमिट झालो तर प्लँटवर फिटनेसची कटकट, आणि उशाशी बसणार कोण?"

आखातात राहिलेल्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. दात, डोळे, मूळव्याध, हर्निया, सगळं आम्ही सुट्टीसाठी राखून ठेवतो. दुखणं इथलं आणि इलाज गावचा, ही आमची रीत. मी स्वतः दोन वर्षं दाढ घेऊन फिरलो आहे. म्हणून मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणालो, "खरंय. मेपर्यंत जप फक्त. तिथं आपली माणसं असतात." त्याला बरं वाटलं. मलाही बरं वाटलं, हे लिहिताना मला स्वतःची चीड येते.

त्या शनिवारच्या वृत्तात हाफबॅकचं नावच नव्हतं. पुढच्याही नाही. "गेला असणार," मी म्हणालो. पुढचं पान बघू या म्हटलं, तर फाइल त्यानं मांडीवरून हलू दिली नाही. शशीच्या शेवटच्या शनिवारी संघ पुन्हा हरला. मला सोडायला तो खाली आला, आणि परत जाताना जिन्याशी जरा थांबून मग लिफ्टकडे वळला. पूर्वी लिफ्टनं जाणाऱ्यांना तो हसायचा.

महिन्याभरानं मी त्याची खोली आवरायला गेलो. टेबलावर फाइल होती, पाच सामने उरले होते. नियम करणारा गेला होता. मी तिथंच जमिनीवर बसून पाचही वाचून काढले. हाफबॅक मेला नव्हता. शेवटच्या सामन्यात तो खेळला होता. मधल्या शनिवारांनाही तो स्वतः खेळायलाच निघाला होता, पण क्लबच्या समितीनं त्याला सक्तीनं घरी बसवलं होतं, असं त्या वृत्तात दोन ओळींत लिहिलं होतं. कुणीतरी त्याला अडवलं होतं. मी कितीतरी वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिलो.

त्याच आठवड्यात नाशिकहून रेखावहिनींचा फोन आला. "भावजी, एकच विचारते. ह्यांना आधी काही होत होतं का? दिवाळीला आले तेव्हा जिन्यात थांबले होते. मीच हसले, म्हटलं म्हातारे झालात. तुम्हाला कधी काही बोलले?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "अगदी ठणठणीत होता."

त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे दिसलं होतं ते फक्त मलाच."

मी हे ज्या पुरवणीत लिहितो आहे, ती वर्तमानपत्राबरोबर त्यांच्या घरी येते. वहिनी, मी खोटं बोललो. तुम्हाला तो जिन्यात थांबलेला दिसला, मला डॉक्टरांची चिठ्ठी दिसली होती. मेपर्यंत थांब, असं त्याला मीच म्हणालो होतो.