मालक नसलेली टीम

रग्बीच्या बुटांतला चिखल आणि क्लबातले किस्से, कितीही झाडा, उरतातच! त्यात आता फ्रँचायझी लीग आली. शहरांच्या नावाने टीम विकत घ्यायच्या, खेळाडूंवर बोली लावायची. आमचा नागपूरचा क्लब मात्र जुना, वर्गणीवर चालणारा. मग किस्से होणार नाहीत तर काय!

*

आमचा विंगर सचिन, त्याचा खेळ पाहायला एका फ्रँचायझीचा मॅनेजर मैदानावर आला. आमचे कोच वासनिक सर. त्यांना त्याने पहिलाच प्रश्न केला, "आपकी टीम का ओनर कौन है?"

सर गोंधळले. "ओनर? या आठवड्यात ज्याच्या घरी जर्स्या धुवायले गेल्या, तोच!"

*

सचिनची निवड झाली! आम्ही त्याला खांद्यावर घेऊन नाचलो. मॅनेजरने लगेच त्याचं नाव ठरवलं, 'ऑरेंज रॉकेट'.

सचिन म्हणाला, "साहेब, मी कुहीचा आहो. संत्री काटोलले होतात. आमच्याकडे धान!"

मॅनेजर विचारात पडला. "राइस रॉकेट... नहीं, नहीं जमेगा."

*

एकदा मी तावातावाने सरांना म्हणालो, "त्यांच्या लीगमध्ये शेवटचा नंबर आला तरी टीम पुढच्या वर्षी तिथेच! आपल्याकडे शेवटचा आला की थेट खालच्या डिव्हिजनमध्ये. खरा खेळ आपलाच, सर!"

"बरोबर आहे गा," सर म्हणाले, "पण सध्या शेवटचे आपणच आहो!"

*

सीझनची शेवटची मॅच. जिंकलो तरच वर टिकणार होतो. सचिन सुट्टी काढून आला, पण फक्त पाहायला. करार झाल्यापासून आमच्याकडून खेळायला त्याला मनाई होती.

आम्ही दोनच गुणांनी मागे होतो. सचिन बसल्या जागी बुटांच्या नाड्या आवळू लागला.

सर ओरडले, "सोड त्या नाड्या! करिअर खराब करतं काय बे?"

हरलो. क्लब खाली गेला. रिवाजाप्रमाणे दोन रांगा करून आम्ही समोरच्या टीमला टाळ्या वाजवत निरोप दिला आणि मग सगळेच रडलो. सरसुद्धा!

सचिन तेवढा लांब उभा राहून फोनवर बोलत होता. एकदम धावत आला.

"सर! मॅनेजरले विचारलं, आमचा क्लब खाली गेला, आता त्याच्याकडून खेळू काय? तो हसला न् म्हणे, 'नीचे वाला कौन देखता है? खेल ले!'"

सरांनी डोळे पुसले आणि ते आमच्यावर खेकसले,

"मग जिंकायसाठी एवढे काहून मरून राहिलो होतो बे आपण!"