आधी कोणी उठायचं

निराशा हा विषय एखाद्या विद्यापीठात शिकवायला घेतला असता, तर विभागप्रमुख म्हणून आमच्या सरांनाच बोलावलं असतं, आणि सरांनी उलट टपाली कळवलं असतं, ‘नका बोलावू जी, विभाग बंद पडंल.’ मूल गावात राइस मिलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिमेंट-सळाखीच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. पाटीवरची अक्षरं उन्हानं उडाली, पण त्यांनी ती पुन्हा रंगवली नाहीत. वाचून कोणी आलंच तर त्याला खरं सांगावं लागेल, ही त्यांची भीती. एकदा चामोर्शीहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. ‘हे शिकून नोकरी लागंल ना, सर?’ सर उठले, त्यांना माठातलं पाणी दिलं आणि म्हणाले, ‘नाई लागत जी. मले नाई लागली.’ गृहस्थांनी पाणी पिऊन टाकलं, तांब्या खाली ठेवला आणि मुलीला घेऊन समोरच्या टायपिंगच्या क्लासात गेले. अशा प्रामाणिकपणावर कुठला धंदा चालतो?

मी मात्र टिकलो. आमच्या घरात पदवी पहिल्यांदा माझ्याच हातून आली. आई लोकांच्या बांध्यांत रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं लावायला जायची, तिला माझी पदवी म्हणजे काय हे सांगता येत नसे, पण ‘पोरगा कॉम्प्युटर शिकून राह्यला’ एवढं वाक्य ती साऱ्या गावाला ऐकवी. त्या वाक्याची लाज सरांनी राखली. जे मला येतं ते त्यांनी शिकवलं, हे मी कुठेही उभा राहून सांगेन. शिकवण्याची त्यांची तऱ्हा मात्र वेगळी. संध्याकाळी मशीन बंद केल्यावर तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा ते मॉनिटरवर हात ठेवून उभे राहत. चहाच्या टपरीवर प्यालेला ग्लास स्वतः विसळून ठेवत, आणि टपरीवाला दर वेळी म्हणे, ‘सर, माझ्या पोटावर काऊन पाय देता?’

त्यांच्या साऱ्या जिव्हाळ्याचा प्रश्न एकच होता. प्रोग्राम चालू असताना प्रत्येक गोष्टीसाठी मेमरीत जागा घेतो. काम झाल्यावर ती जागा मोकळी झाली नाही तर मेमरी भरत जाते आणि शेवटी प्रोग्राम बंद पडतो. मग ती कोणी आणि केव्हा मोकळी करायची? पुस्तकातून मला काही उमगेना, तेव्हा सर मला सावली गावाजवळच्या एका लग्नाला घेऊन गेले. नवरदेव त्यांचा विद्यार्थी, म्हणजे चार दिवस येऊन पळालेला. पंगतीत बसल्यावर सरांनी भाताला हातसुद्धा लावला नाही, धडाच सुरू केला. ‘हे पाय. प्रोग्रामच्या जुन्या भाषेत आपली पत्रावळ आपणच उचलाची. इसरला, का मांडवात ढीग. घाईनं उचलली, का वाढपी येते आन् गरम वरण मातीवर ओतते. म्हणून नवीन भाषाईनं उष्टी काढणारा माणूस ठेवला. तू फक्त जेव, तो उचलते. पण तो आला का साऱ्याईनं हात थांबवाचा, आन् पुढची पंगत उभी.’ पलीकडच्या म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, ‘हे गुरुजी जेवून काऊन नाई राह्यले? रुसले का?’

तेवढ्यात खरंच पंगत अडली. सगळे उठले, पण शेवटी दोन व्याही बसूनच. आमच्याकडे शेजारचा जेवत असताना उठणं म्हणजे त्याचा अपमान. दोघांचीही पानं रिकामी, हात वाळून खडखडीत, पण हा त्याच्यासाठी थांबलेला आणि तो ह्याच्यासाठी. ‘सावकाश होऊ द्या, इवाई.’ ‘नाई जी, तुमचं होऊ द्या.’ उष्टी काढणारा पोरगा एकापाशी जाई, तर दुसरा म्हणे, ‘बसू दे त्याईले, मी थांबलो ना!’ पुढच्या पंगतीची माणसं पोटाला हात लावून उभी. सरांचा चेहरा आनंदानं असा फुलला की मी तो पुन्हा तसा पाहिला नाही. ‘पायलं का? याच्यासाठी कोणी थांबलं आहे का, एवढंच जो इचारते त्याले हे दोघं कधीच उचलता येत नाई. घरधन्यापासून सुरू कर. वाढाचं कोणाले आहे, ते एकेक पाहत जा, खूण कर. ज्याच्यापर्यंत ती वाट पोचली नाई, त्याचं पान उचल.’ मला सगळं समजलं. सर उपाशीच परतले.

पुढे क्लासात पोरं येईनाशी झाली. मोबाइल आले, टायपिंगवालाही दुकान आवरून गेला, आणि माडीवर सर आणि मी दोघंच उरलो. मिलच्या धर्मकाट्यावर, म्हणजे धानाच्या गाड्या तोलायच्या वजनकाट्यावर, ऑपरेटरची जागा सरांना देऊ केली होती. ते जात नव्हते. माझा मामेभाऊ पुण्याहून बोलावत होता, खोली आहे, ये, नोकरी शोधू. मी जात नव्हतो. शिकून झालेलंच आम्ही पुन्हा शिकत होतो. पावसाळ्यात माडी गळायची, तेव्हा मशीनवर प्लास्टिक टाकून आम्ही कागदावर प्रोग्राम लिहायचो आणि तो चालला असं समजायचो.

दुपारी काकू, म्हणजे सरांच्या घरच्या, डबा घेऊन येत. एका दिवशी त्यांनी डबा टेबलावर आपटलाच. ‘हे म्हणते, पोट्टा मधातच सुटंल म्हणून मी काट्यावर जात नाई. पोट्टा म्हणते, सर एकटे पडतीन म्हणून मी पुण्याले जात नाई. आन् बाहेर तुमाले दोघाईले कोणी इचारत बी नाई. त्या लग्नातले इवाई बरे, त्याईच्या पोटात भात तरी गेला होता!’

सर हसतील असं मला वाटलं. त्यांनी आपटलेला डबा सरळ करून ठेवला. मग म्हणाले, ‘बरोबर आहे.’

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मशिनं भंगारवाल्याच्या गाडीत चढत होती. ‘काट्याले होकार देऊन आलो,’ सर म्हणाले. मी विचारलं, ‘मंग माझं काय, सर?’ ते गाडीतल्या मॉनिटरवरचं पाणी रुमालानं पुसत होते. ‘तुले आता इथी धरून ठेवाले काही नाई राह्यलं. जाय.’

मी पुण्याला आलो. नोकरी लागली, आईला ऑफिस पाहायला आणलं, काचेची इमारत पाहून ती पायऱ्यांवर चप्पल काढायला लागली. हल्ली आमच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललंय. सोमवारी एखादी खुर्ची रिकामी दिसते, आणि तिथे कोण बसायचं हा विषय कोणी काढत नाही.

गेल्या दिवाळीत मूलला उतरलो तो थेट काट्यावर गेलो. धानाच्या गाड्यांची रांग, हवेत तूस. खिडकीशी जाऊन मी ओरडलो, ‘सर!’ ट्रॅक्टरवाल्यानं चमकून विचारलं, ‘तुम्ही मास्तर होते का जी?’ सर म्हणाले, ‘नाई जी. ओळखीचा पोरगा आहे.’ मग ते बाहेर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून बाजूला घेऊन गेले. ‘इथी सर नको म्हणू. लोक इचारते, मंग सांगा लागते. भाऊ म्हण.’ आई बरी आहे का, ते विचारलं. कामाचं काही विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही. मागून हॉर्न वाजला. ते आत गेले.

निघताना मी खिडकीशी वाकलो. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला मी हा शब्द रोज वापरतो. ‘येतो, भाऊ.’ त्यांनी आकड्यांवरची नजर न काढता मान हलवली. स्टँडच्या वाटेला लागलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. एका नवख्या ड्रायव्हरला गाडी काट्यावर नीट घेता येत नव्हती आणि ते सांगत होते, ‘घाई नको करू. थोडी मागं घे. आता सरळ. समजून राह्यलं ना? नाई समजलं तर पुन्हा सांगतो.’