कासाबाईनं परत नेलेली अंडी

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवावी तर कासाबाईनंच. चारठाण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेरडांमागं नवरा रायभान जायचा, कोंबड्या मात्र हिच्या. म्हणूनच परभणीच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करणारी भक्ती गावरान अंडी मागायला तिच्या दारात आली.

"उबवायला हवीत, मावशी," ती म्हणाली. कासाबाईनं भुशात अंडी नीट रचून एसटीनं पाठवायला सुरुवात केली.

"एवढी पिल्लं ठिवतेत तरी कुठं?" ती रायभानला विचारायची.

"खुराडं मोठं असंल की," तो हसायचा.

एकदा परभणीत काम निघालं, तेव्हा अंड्यांची टोपली घेऊन ती स्वतःच गेली. भक्तीनं हौसेनं सगळं दाखवलं. एका अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी कापली होती. आत शिरांचं बारीक जाळं आणि मधोमध धडधडणारा लाल ठिपका.

"अन् पिल्लं कुठं हायत?"

भक्तीनं ते अंडं परत जागेवर ठेवलं. मग तिनं सांगितलं. गरम चहा, रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत भरला की पिशवीतली रसायनं अन्नात उतरतात. पोटातल्या बाळाला ती बाधतात का, हे बाईवर कसं तपासणार? म्हणून त्या रसायनाचा थेंब अंड्यात सोडायचा आणि काळीज, पाय, डोळे नीट घडतात का ते बघायचं.

"मग?"

"मग पिल्लू बाहेर यायच्या आधीच थांबवतो."

कासाबाईनं टोपली उचलली. "उबवायला म्हणून नेली तुमी. मारायला म्हणून न्हाई."

घरी येऊन तिनं ती अंडी कोंबड्यांखाली ठेवली. पिल्लं निघाली. भक्ती दोनदा येऊन विनवून गेली, पण कासाबाई बधली नाही. प्रयोगाला एकाच ठिकाणची अंडी लागत; दुसरीकडची घ्यायची तर सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. तेवढ्यात भक्तीच्या संशोधनाची मुदत संपली आणि ती नागपूरला गेली.

पुढच्या वर्षी सून बबिताला दिवस गेले. मुलगा बिरदेव जिंतूरहून पातळ पिशवीत गरम रस्सा घेऊन आला. उष्णतेनं पिशवी लिबलिबीत झाली होती.

"आत्या, ह्यातलं खाल्लं तर चालतंय का?" बबितानं विचारलं.

कासाबाईनं भक्तीला फोन लावला.

"ताई, ते अंड्याचं काय निघालं वो?"

"काहीच ठरलं नाही, मावशी. काही अंड्यांत पाय वाकडे दिसत होते. पण तेवढ्यावरून बोलता येत नाही. अर्ध्यावरच राहिलं."

"माज्यामुळं."

"नाही, माझ्यामुळं. पहिल्याच दिवशी सगळं सांगायचं होतं. तुम्ही देणार नाही, अशी भीती वाटली."

"सांगितलं असतं तर दिली असती का, ते आता माजं मलाच कळंना, ताई."

रस्सा उकिरड्यावर गेला. बिरदेव कुरकुरला, बबितानं भाकरीवर ठेचा घेतला. यथावकाश तिला धडधाकट मुलगी झाली. तरी बसस्टँडवर एखादी पोटुशी बाई पिशवीतला चहा ओतून घेताना दिसली, की कासाबाईची पावलं अडखळतात. काही सांगावंसं वाटतं. पण काय सांगणार? ती पदर सावरते आणि गाडीत चढते.