मोहफुलांनी बळकावलेली चटई

मित्रहो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. माझी वामकुक्षीची चटई बायकोने अंगणात मोहफुलं वाळवायला पसरली.

"अगं, माझीच चटई काऊन?"

"एक दिवस फरशीवर झोपा ना, पंडितजी! फुलं मातीत टाकू का?"

निरुपायाने ओसरीत आडवा झालो. मोहाचा गोड, जड वास, मधमाश्यांची गुणगुण... अर्धवट झोपेत वाटलं, अख्खं घरच हळूहळू जंगलात तरंगत निघालंय.

तेवढ्यात ती म्हणाली, "उद्या पहाटे नाल्यापलीकडं जातो. तिथं फुलांचा सडा पडला हाये."

झोप उडाली. त्याच नाल्याच्या वाळूत परवा वाघाची पावलं दिसली होती.

चटईचं काही नाही हो. वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला जनावर वाटतं म्हणतात, आणि ती फुलं वेचायला गेली की घरी येईपर्यंत मला भीती वाटते.