लगोरीला हद्दीचे दगड

मंडळी, लगोरी खुशाल खेळा. पण दगड आपल्या घरून आणा!

आज सकाळी डिंभ्याजवळच्या माझ्या रानात गेलो, तर शेजारी चुलतभाऊ दत्तूच्या रानात शहरातल्या कॅम्पवाल्यांचे तंबू. वीस-पंचवीस घोड्याएवढी माणसं लगोरी खेळत व्हती. खालचे तीन दगड बघितले अन् डोकंच फिरलं. आमच्या दोघांच्या बांधावर मोजणीवाल्यांनी रोवलेले हद्दीचे दगड व्हते ते! त्या मोजणीपासून पाच वर्षं आमी भाऊ एकमेकांशी बोलत न्हाई.

मी ओरडलो. त्यांचा म्होरक्या, गळ्यात शिट्टी, हसत म्हणाला, "काका, दगडच आहेत ना? परत ठेवतो."

ठेवले की! छान एका ओळीत. माझ्या रानात दोन हात आत.

"तिथं न्हाई!" मी म्हणालो.

तेवढ्यात दत्तू आला. पाच वर्षांनी माझ्यासमोर तोंड उघडलं, तेही त्या शिट्टीवाल्याकडं बघून. "पावणं, बरोबर ठेवलेत. तिथंच व्हते. ऱ्हाऊ द्या."

कॅम्पवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी तंबू गुंडाळून ते गेलेसुद्धा. दगड तिथंच हायेत. तुमीच सांगा राव, या डावात आऊट कोण झालं?