खोलीच्या मधोमध खांब

सूतगिरणी बंद पडली, तेव्हा मावशींना वाटले होते, ते फाटक आता काही पुन्हा बघायचे नाही. पण गिरणीचे फ्लॅट झाले आणि लेक-जावयाने घर घेतले ते नेमके तिथेच. "जिथून सुटायची वाट बघत म्हातारी झाले, तिथेच मुक्कामाला आणलंत!" एवढेच मावशी म्हणाल्या.

त्यांची खोली म्हणजे जुन्या कताई खात्याचा एक तुकडा. दोन पुरुष उंचीच्या कमानदार खिडकीत कमानीच्या जरा खालीच नवा मजला घातल्यामुळे खिडकीचे धड खालच्या बिऱ्हाडाकडे गेले होते आणि कमान मावशींच्या गुडघ्याशी आली होती. बाहेर बघायचे तर जमिनीवर बसावे लागे. मधोमध ओतीव लोखंडाचा खांब. जावई येता-जाता त्याच्यावर आदळे.

"हा हलत नाही, सासूबाईही हलत नाहीत," तो एकदा पुटपुटला.

"मी हलेन हो, आधी त्याला हलवा!" मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडल्या. जावई ओशाळला. यंत्रांच्या गोंगाटात मावशींचे कान गेले होते. पण त्याच गोंगाटाने ओठ वाचायला शिकवले होते.

झोप मात्र येईना. जन्मभर थरथरत्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या अंगाला स्थिर अंथरूण मानवेना. एका दुपारी त्या थकून खांबाला पाठ टेकून बसल्या, पूर्वी पाळीत उसंत मिळाली की बसत तशा. शेजारची लिफ्ट हलली, तशी लोखंडातून बारीक थरथर पाठीत उतरली आणि त्यांचा डोळा लागला. तेव्हापासून झोप म्हणजे तीच जागा.

मग एका सकाळी स्वयंपाकघरात लेक-जावई कुजबुजताना दिसले. कुजबुजणाऱ्याचे ओठ उलट अधिकच नीट हलतात. खांब झाकून त्याच्याभोवती कपाट करायचे, दुपारी सुतार येणार. "आईला आत्ता सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल," लेकीचे ओठ म्हणाले.

मावशी मागच्या मागे खोलीत परतल्या. मागायची सवय कधी नव्हतीच, आणि भांडायला आता त्राण नव्हते.

सुतार फळ्या घेऊन आला तेव्हा त्या खांबाला टेकून, डोळे अर्धे मिटून बसल्या होत्या. "झोपल्यात काय? उठवायचं का?" त्याचे ओठ हलले. लेक मात्र मावशींकडे पाठ करून उभी होती. तिने एकदा वळून आईकडे बघितले, मग पुन्हा सुताराकडे वळून ती बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. काय, ते कळेना.

मावशींनी डोळे पुरते मिटले आणि पाठ खांबाला चेपून धरली. ड्रिल लागले तर पहिला हादरा मणक्यातच येणार होता.

तो आला नाही. आली ती ओळखीची थरथर. लिफ्ट वर आली, थांबली, आणि परत निघालेल्या फळ्यांच्या ओझ्याने नेहमीपेक्षा जड होऊन खाली गेली.

ती तळाशी पोचण्याआधीच मावशींची मान कलली होती.